मूळ सापडत नाही

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीचं तळघर.
डिस्क सत्त्याण्णव टक्के भरलीय,
सकाळपासून तिसऱ्यांदा तेच सांगतंय यंत्र.
सुट्टीवर निघताना ट्रोंडुर जिन्यातून म्हणाला होता,
‘कॅशेच तर आहे, सुन्वा, पुसून टाक.
लागलं तर पुन्हा तयार होईल.’

टर्मिनल उघडते. काळ्यावर एक पांढरी उभी रेघ,
लुकलुकत वाट बघणारी.
किती आहेत? विचारते.
एका ओळीत उत्तर: एकेचाळीस हजार दोनशे सहा.

ट्रॉलरांची हजेरी, मासळीचे हिशेब, फॅक्सची डागाळलेली चित्रं,
आता कुणाकडेच नसलेल्या प्रोग्रॅमांत लिहिलेली पत्रं.
एकदा कुणी मागितली, वाचण्याजोगी करून दिली,
आणि पुन्हा तेवढंच राबायला नको
म्हणून एक प्रत बाजूला ठेवली.
नावं माणसांनी ठेवलेली नाहीत:
सात एफ तीन ए, शून्य शून्य नऊ डी,
हाक मारायला नव्हेत, ओळख पटवायला.

आईच्या घरामागे फळ्याफळ्यांचं खोपटं होतं.
फटींतून खारा वारा आत यायचा,
आत मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या.
ऑक्टोबरात टांगलेलं मांस नाताळापर्यंत
वेगळंच काहीतरी होऊन बसायचं.
कापताना आई कधी मूळ मांसाची चौकशी करायची नाही.

बरं. नव्वद दिवसांत कुणी हात न लावलेल्या फायली दाखव.
थांब, पुसू नकोस,
नुसती तालीम कर.
हा पर्याय मला फार आवडतो.
लग्नाआधी मिळाला असता तर बरं झालं असतं.

ओळी वर सरकत जातात, पावसाळी खिडकीवरून उलटं पाणी चढावं तशा.
मी कॉफी ओतते. अर्धी बशीत सांडते,
कारण मधेच एक ओळ पिवळी:
मूळ सापडत नाही.

नियमानं हीच आधी जायची.
मूळ नाही तर प्रत कशाला, असा यंत्राचा साधा हिशेब.
वहीत शोधते. एक फ्लॉपी होती.
पहिल्यांदा वाचली गेली,
दुसऱ्यांदा घरघरली आणि कायमची गप्प झाली.

उघडते.
हानुस, ट्रॉलरवरचा आचारी. फेब्रुवारी एक्क्याण्णव. सामानाची यादी.
कांदे दोन पोती. बार्ली. कॉफी, मागच्या वेळची नको.
मीठ आहे.
आणि सगळ्यात खाली:
पोराला बूट. पाय मोजलाय,
गाठ मारलेली दोरी माझ्या तंबाखूच्या डब्यात.

रूपांतरात एकच अक्षर फुटलंय.
आमचं ते, माथ्यावर छेद दिलेलं,
जे आम्ही लिहितो आणि उच्चारत नाही.
जिथं जिथं ते होतं तिथं रिकामी चौकट.
मोठ्यानं वाचून बघते तळघरात:
काहीच अडत नाही.
कानाला काही कमी पडत नाही.
तरी डोळा प्रत्येक चौकटीशी ठेचकाळतो.

नऊ चौकटी. नऊ वेळा
बोटानं ते मुकं अक्षर जागच्या जागी बसवते.
साठवते, आणि फायलीचं जुनं नाव लागू पडेनासं होतं.
यंत्राच्या लेखी ही आता अनोळखी.
मी तिला कॅशेतून काढून
मूळ कागदांच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते.
परवानगी कुणाची घ्यायची, माहीत नाही.

मग उरलेल्यांसाठी खरी कमांड.
खात्री आहे? हो की नाही?
हो.
अकरा गीगाबाइट मोकळे, चार सेकंदांत.
पंखा जरा हळू होतो.

सोमवारी ट्रोंडुर विचारतो, ‘झालं का साफ?’
‘झालं.’
‘सगळं?’
‘एक सामानाची यादी ठेवलीय.’
तो हसतो, कोट खुंटीला लावतो.
‘कशाला? काय आहे तीत?’
कांदे, मी म्हणते. बार्ली. बूट.

बूट घेतले की नाही, ते यादीत नाही.