शीतलहरीची सुट्टी

रात्री साडेदहाला मोबाइल टुणकन वाजला:
कलेक्टर साहेबांचा आदेश,
थंडीमुळे आठवीपर्यंत उद्या सुट्टी.
वरच्या मजल्यावर टिल्लू पलंगावर नाचला,
माझ्या छताची थोडी सफेदी गळली मशीनवर,
आणि मी ओळखलं,
शुक्लांकडचे सात ब्लाउज परवावर गेले.

सकाळी दौलतगंजात धुकं असं
की समोरचा गजकवाला नुसता आवाज होता,
तीळ कुटण्याचा, धप्प, धप्प,
आणि किल्ला तर नव्हताच.
"किल्ल्यालापण छुट्टी?" पारुलने विचारलं.
"त्याला कुठला कलेक्टर देणार," मी म्हटलं,
"तो रजईत आहे."

साडेनऊला चौघं माझ्याकडे.
माझा निनाद, वरची पारुल, तिचा टिल्लू,
आणि शितोळ्यांची मृण्मयी, जिची आई बँकेत.
बँकेला थंडी वाजत नाही.

दहापर्यंत मोबाइल.
सव्वादहाला मोबाइलवरून मारामारी.
साडेदहाला मोबाइल पिठाच्या डब्यात, झाकण घट्ट.
मग सुरू झालं: आता काय करू? आता काय करू?
दोरा संपलेल्या सुईसारखं,
टोचतंय, शिवत काहीच नाही.

शेवटी मी बटणांचा डबा उपडा केला रजईवर.
वकिलांच्या कोटांची काळी,
कुणाच्या साखरपुड्याच्या कुर्त्याची सोनेरी,
एक शिंपल्याचं, जोडीदार कधीच न सापडलेलं.
टिल्लूने दुकान मांडलं.
मृण्मयीने बँक काढली,
आणि टिल्लूला कर्ज नाकारलं,
"कागद अपुरे आहेत, सोमवारी या,"
हुबेहूब आईच्या आवाजात.
पाऊण तास मी शिवलं. खरंच, पाऊण तास.
मग शिंपल्याचं बटण टिल्लूच्या नाकात निघालं होतं,
दुकान बंद, बँक बंद.

"हा घ्या टेप. घर मोजा."

खिडकी एकेचाळीस.
मशीन एकोणतीस.
मांजर शेपटीसकट सत्तावीस,
पुढचं मांजराने मोजू दिलं नाही.
गजकेचा तुकडा दोन इंच,
पडताळून पाहिला तेव्हा एक.
मग पारुल म्हणाली, धुकं राहिलं.
दारात ती एक टोक धरून,
दुसरं घेऊन निनाद गल्लीत उतरला.
साठ इंचांवर टेप संपला.
धुकं संपलं नाही.
"आंटी, काय लिहू?"
"लिही, शिल्लक आहे."

लिहायला त्यांनी माझी मापांची वही घेतली होती.
मागचं पान उलटलं, तिथं माझंच अक्षर:
निनाद, शाळेचा कोट, बाही साडेसोळा.
मृण्मयीला तेवढंच हवं होतं.
हात सरळ कर, ती म्हणाली, हलू नको,
खांद्यापासून मनगटापर्यंत:
साडेअठरा.
पुन्हा मोजलं. साडेअठरा.

अख्ख्या गल्लीच्या बाह्या मी शिवते.
कुणाची अर्धा बोट आखूड झाली
तर चालताना पाठीमागून सांगते.
"बोलला का नाहीस रे?"
"काही नाही होत," तो म्हणाला,
"मी हात खिशात ठेवतो."
आणि टेपाचं टोक टिल्लूच्या हातातून ओढून
पळाला, दाराची उंची घ्यायला.

चार वाजता ऊन आलं, पातळ, दूध घातलेल्या चहासारखं.
किल्ल्याची एक कड दिसली, मग दुसरी.
पोरं गच्चीवर गेली ती
आयांनी हाका मारीपर्यंत उतरली नाहीत,
आणि खोलीत इतकं शांत झालं
की मला ब्लाउज शिवायला सुचेना.

रात्री निनाद झोपल्यावर निळं कापड काढलं.
बाही एकोणीस धरली,
वर दीड इंच आत दुमडायला.
खडूने रेघ ओढत होते
तेवढ्यात पिठाच्या डब्यातून
टुणकन.

मी झाकण उघडलं नाही.
काय असणार ते वरच्या मजल्याला कळलंच होतं:
धडाधड चार उड्या,
आणि निळ्या कापडावर
थोडी सफेदी.