पूल उघडा असताना

अकरा दिवस मी एक वर्तुळ फिरवत होते.
वाट बघायला लावणारं वर्तुळ,
विम्याचा अर्ज पुढे सरकेपर्यंत
पडद्याच्या मधोमध गरगरणारं.
जाडी दोन पिक्सेल की अडीच,
शेपूट किती फिकट, वेग कसा.
बाराव्या दिवशी आउके म्हणाला,
छान आहे, पण आणखी थोडं आश्वासक करता येईल का?
मी म्हटलं, हो, अर्थातच.
आणि बाथरूममध्ये जाऊन
हात वाळवायच्या यंत्राखाली
कोरडेच हात धरून उभी राहिले,
ते तीनदा बंद पडेपर्यंत.

खूण त्याआधीच पटायला हवी होती.
करड्याच्या चौदा छटा मी नावानिशी ओळखायचे,
पाटीचा, राखेचा, समुद्रपक्ष्याच्या पाठीचा.
मे महिन्यात सगळ्या एकच झाल्या.
मला वाटलं, मॉनिटर बिघडला. नवा मागवला.
विटत चाललेल्या कापडाला
आपला रंग कुठे दिसतो.

मग बेकरीत बाईंनी विचारलं,
कुठला पाव देऊ, राईचा की तिळाचा?
आणि मला सांगता येईना.
मागे रांग. कुणीतरी खाकरलं.
बाईंनी दोन्ही पाव अर्धे कापले,
पैसे एकाचे घेतले.
लेउवार्डेनच्या त्या गल्लीत, पायरीवर,
पिशवी पोटाशी धरून मी बसले.
पाव अजून कोमट होता.

कंपनीच्या डॉक्टर हूक्स्त्रा यांनी एक कागद पुढे केला.
गेल्या चार आठवड्यांत किती वेळा असं वाटलं:
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी.
मी म्हटलं, हे गोल फार चिकटून छापलेत,
म्हाताऱ्या माणसांची खूण चुकेल.
डॉक्टर हसल्या नाहीत.
कागद काढून घेत म्हणाल्या,
मिळालं उत्तर, वीत्स्के.

तीन महिने सुट्टी.
पहिला महिना झोपण्यात गेला, आणि झोपल्याची लाज वाटण्यात.
दुसऱ्यात सायकल काढली.
फ्रीसलंडमध्ये वारा नेहमी समोरूनच येतो,
जाताना आणि येतानाही, विचारा कुणालाही.
एका खेड्याबाहेर पूल वर उचललेला.
खालून शिडाची बोट सरकत होती,
आणि पूलवाला गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
बोटीवर सोडत होता, टोलाच्या नाण्यांसाठी.
अलीकडे आम्ही: एक ट्रॅक्टर, पोहायच्या पिशव्या घेतलेली दोन पोरं,
टपालवाली, मी.
कुणाला काही दाखवलं जात नव्हतं,
किती वेळ उरला, किती टक्के झालं.
ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.
टपालवालीने एक पाय जमिनीवर टेकला.
मीही टेकला.

आता मंगळवारी आणि गुरुवारी, दोन-दोन तास.
परवा आउकेला नाही म्हणाले,
आवाज चिरकला, पण म्हणाले.
तो बिचारा स्वतःच डोळे चोळत होता,
त्याचा मॉनिटर मी जरा तिरकाच पाहिला.
काल रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला.
मिटला. पुन्हा उघडला, वीस मिनिटं.
हे मी डॉक्टरांना सांगणार आहे. बहुतेक.

आणि ते वर्तुळ?
माझ्या पहिल्याच दिवसाचं लावून टाकलं होतं त्यांनी.
कुणाचीही तक्रार आलेली नाही.

आज येताना पूल उघडा होता.
नऊ मिनिटं उशीर झाला.
कळवलं नाही.