नालीचं पाणी

चिचटोल्यात बचत गटाच्या कोंबडी-शेडमागं,
जिथं पिसं, साबण, रक्त
बेशरमाच्या झुडपाखाली जिरतं,
तिथं उकिडवी बसून
मी बाटली भरत होते.

फगनाबाई ठवकरनं सुरी थांबवली.
"काऊन वं पोरी, नालीचं पानी काहाले भरून रायली?
शहरातल्या नाल्या सरल्या का?"

मी म्हटलं, मावशी,
नवतपात त्या बारशाच्या जेवणानंतर
लांजेवारांची अख्खी आळी सलाईनवर होती ना,
त्या जंतूला खाणारा इथंच राहतो.
त्याच्या आत शिरतो, तिथंच पिल्लं वाढवतो,
मग भिंत फोडून सगळे बाहेर.

"म्हंजे घरजावई," ती म्हणाली,
आणि शेडमधल्या सहाही बाया
पिसं चिकटलेल्या हातांनी तोंड झाकून हसल्या.

साकोलीच्या यष्टीत
मांडीवर थर्माकोलचा डबा, आधी मासळीचा.
कंडक्टर वास घेत म्हणाला, "झिंगे काय?"
मी हो म्हटलं.
खरं सांगायला
तिकिटाएवढा वेळ पुरला नसता.

प्रयोगशाळेत गाळणीवर जंतू अडकले,
हा खाली उतरला.
रात्रभर काचेच्या बशीत
त्या आजाराचीच दुधी साय वाढू दिली.
सकाळी सायीत भोकं.
गोल, स्वच्छ, एकोणीस.
आमच्या सूक्ष्मदर्शकातही तो दिसत नाही.
जिथं काही उरलं नाही
तिथं तो आहे, इतकंच वाचायचं.

तेव्हा मला आईचं गाडगं आठवलं.
एका उन्हाळ्यात आठ दिवस दही लागेना.
तिनं नजर काढली, विरजण
तीन घरांतून मागून आणलं.
कोण जाणे, याच्याच कुळातला दुसरा कोणी
विरजणाच्या जंतूंवर बसला असेल.
हा मात्र एकाच जातीचं खातो,
शेजारच्या ताटाकडं ढुंकून बघत नाही.
हा चांगुलपणा नाही.
त्याला दुसरं कुलूप उघडताच येत नाही.

मुद्दाम जंतू लावलेल्या मांसावर फवारला.
लाखाचे दोनशे चाळीस झाले.
शून्य झाले नाहीत.
मी वहीत दोनशे चाळीसच लिहिले,
खाली तारीख, सही.

रात्री फगनाबाईचा फोन.
"जावई लागला का कामाले?"
लागला, मावशी. पण अजून परीक्षा आहेत त्याच्या.
तोवर सुरी उकळत्या पाण्यातच धुवा,
हात साबणानं, मांस पूर्ण शिजवून.
"अन् परीक्षा झाल्यावर?"
तेव्हाही.

ती जरा गप्प राहिली.
"म्हंजे जावई आला तरी
भांडे आपल्यालेच घासा लागते."

मागं कुणीतरी बादली उपडी केली.
पाणी नालीकडं निघाल्याचा आवाज
मला फोनमधून
बराच वेळ ऐकू येत राहिला.