ळ जोरात दाबावा लागतो

कीबोर्ड परत करायला गेले तेव्हा
एम. जी. रोडच्या त्या तळघरातल्या दुकानात
मुस्तकीम कुणाच्या तरी सीपीयूतली धूळ
ब्लोअरनं उडवत होता.
म्हणाला, मॅडम, आठवडाच झाला की घेऊन.
म्हटलं, आठवडाभरच
ळ जोरात दाबावा लागतोय.

त्यानं दाबला. उमटला.
अरे, एकदा कुणीही उमटतं.
जुन्या सीबीएसपाशी, कोर्टाच्या भिंतीला टेबल लावून
मी दिवसभर मिळकत लिहिते, मूळ मालक लिहिते,
वेळोवेळी, सबळ पुरावा, मौजे पिंपळगाव.
ळवाचून कुणाचा दावा उभा राहतो, सांग.

तो बिल शोधू लागला. मी पेनड्राइव्ह काढला.
कीबोर्डचं निमित्त होतं, खरं दुखणं यात होतं.
बारा-पंधरा वर्षांच्या फायली.
आधीचं मराठी सॉफ्टवेअर मी एकदाच घेतलं,
मागं खोचायच्या निळ्या डोंगलसकट,
भिशी लागली त्या महिन्यात.
नवं भाड्यानं मिळतं. वर्ष संपलं की
फाइल नुसती दाखवतं, हात लावू देत नाही,
सराफातल्या काचेआडच्या हारासारखी.
आणि हात लावू दिला तरी काय,
त्याला माझी जुनी मराठी वाचताच येत नाही.

त्यानं एक उघडली.
पडदाभर टोप्या घातलेली परकी अक्षरं,
उलटी प्रश्नचिन्हं, पौंड, खंजीर,
डोक्यावर दोन टिंबं घेऊन ताटकळलेले ओ.
करप्ट आहे, तो म्हणाला. फॉरमॅट मारू?

मारू नकोस, म्हटलं, आणि स्टूल ओढलं.
असं काही मला येतं हे मलाही ठाऊक नव्हतं.
डोळे त्या टोप्यांवर, बोटं काउंटरच्या काचेवर,
आणि बोटांना कळत गेलं
कोणतं भूत कोणत्या बटणाचं.

'मी,' मी वाचलं, 'खाली सही करणार,
कोकिळा दगू पेखळे, वय बेचाळीस, धंदा भाजीविक्री,
राहणार माडसांगवी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की,
कोकिळा पेखळे आणि कोकिला पेखले
या दोन्ही व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.'

ब्लोअर केव्हा बंद झाला कळलं नाही.
शाई भरून घ्यायला आलेला एक जण
कार्ट्रिज हातात धरून तसाच उभा.
मग? मुस्तकीमनं विचारलं. झालं तिचं काम?

तेव्हा झालं. आता पुन्हा कुठल्याशा मशीननं
तिचे दोन्ही ळ गिळले.
सकाळपासून माझ्या बाकावर बसलीय,
विचारतेय, तेव्हाचे साठ रुपये भरलेत,
परत भरायचे का?
काय सांगू तिला? करप्ट झालीस म्हणून?

तो बोलला नाही काही.
खोका फोडला, तीन कीबोर्ड काढले,
आणि प्रत्येकाचा ळ
मला द्यायच्या आधी स्वतः दाबून बघितला,
हळू, मग भरभर, मग करंगळीनं.
तिसरा दिला.
वरचे एकशेवीस घेतले. सोडले नाहीत.

पायऱ्या चढताना मागून हाक आली,
मॅडम, माझ्या मार्कशीटवर मुस्ताकिन आहे.
एकच असल्याचं लिहून मिळतं ना?

मिळतं, म्हटलं. आधार आण, दोन फोटो,
आणि सकाळी ये, टेबलावर ऊन यायच्या आत.
नंतर पडद्यावर काही दिसत नाही.