बाळाचे नाव

पेटी जळली नव्हती, पत्र्याची ती.
आतले कागद बंद पेटीतच करपले होते
तव्यावर भाकरी विसरावी तसे,
एकावर एक, घडीसुद्धा न मोडता.
रेशनकार्ड होतं. दुसरीपर्यंतच्या शाळेचा दाखला होता.
काळ्यावर काळी अक्षरं,
तिरकं पाहिलं की चकाकत होती.
आई म्हणाली, आहे की सगळं.
आणि हात लावला.

त्या रात्री महाराष्ट्र नगरात सतरा घरं गेली
आणि आमच्या घरातून तीन आया:
रेशनकार्डावरची सुगंधा खरटमल,
मतदार ओळखपत्रावरची सुगंदा खरटमोल,
आणि विम्याच्या कागदावरची एक, लिंग पुरुष.
चौथी रस्त्याकडेला बसून
शेजारणीच्या नातवाला
चहात बिस्किट भिजवून भरवत होती.

हवालदार म्हणाला, जळालं नको,
जळालं लिहिलं की पंचनामा आला.
हरवलं लिहू.
मग प्रवासात गहाळ झालं सगळं, शिक्क्यासहित.
आई आठवडाभर विचारत होती,
कुठला गं प्रवास?

जन्मतारीख एक जून.
आमच्या गल्लीत निम्मी माणसं एक जूनची,
कुणा मास्तरांच्या एकाच दौतीतून जन्मलेली.
खरी तारीख कोणती?
भायखळ्याला झाले मी, दवाखान्यात, आई सांगते.
थंडी होती. बाप भाजीबाजारात पाट्या उचलायचा
आणि त्या दिवशी बाजारात पहिला मटार आला होता.
एवढं बोलून थांबते,
जणू साल त्यातूनच सोलून काढायचं.

चार खेपा घातल्या भायखळ्याच्या कार्यालयात.
तिसऱ्या खेपेला एक दाखला मिळाला:
सुगंधा या नावाची नोंद
आमच्या दप्तरी आढळून येत नाही.
गोल शिक्का, जावक क्रमांक, सही.
आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
पिशवी ब्लाउजमध्ये.
आगीनंतरचा तिचा पहिला कागद.

चौथ्या खेपेला पेडामकर बाई होत्या खिडकीवर.
डबा खात होत्या, त्यांनी झाकण लावलं.
नावाने कशाला शोधताय, म्हणाल्या,
तेव्हा नाव कुठे ठेवलं होतं हिचं?
बापाचं सांगा. महिने थंडीचे बघू.

रजिस्टर आलं ते दोन्ही हातांवर,
आजारी माणसाला उचलून आणावं तसं.
कडा वाळवीने खाल्लेल्या.
एकोणीसशे त्रेसष्ट, नोव्हेंबर, मग डिसेंबर,
बाईंचं बोट खाली खाली
आणि नऊ तारखेवर थांबलं.

स्त्री. जिवंत. पहाटे तीन चाळीस.
पिता सायबण्णा, हमाल.
माता निलव्वा, वय एकोणीस.
बाळाचे नाव
आणि पुढे नुसत्या निळ्या रेघा,
एकसष्ट वर्षं कोऱ्या.

नाव घालून मिळेल, बाई म्हणाल्या, अर्ज करा.
आईने पेन घेतलं. सु काढला,
गं काढला, अनुस्वार जोर देऊन,
आणि माझ्याकडे पाहिलं. ध की द?
तूच ठरव, मी म्हटलं.
मागे रांग वाढत होती.
कुणाचा तरी मोबाईल वाजून वाजून थांबला.
तिने ध काढला. पोट एवढं मोठं
की चौकटीबाहेर आलं.

अर्जदाराचे बाळाशी नाते?
पेडामकर बाई हसल्या नाहीत.
स्वतः, असं लिहा.
गुरुवारी या.

जिन्यात आई मध्येच उभी राहिली, कठड्याला धरून.
मला वाटलं गुडघा.
एकोणीस, ती म्हणाली.
मी तिला म्हातारीच पाहिली गं, कायम.
दोन पायऱ्या उतरली.
पोरगीच होती की.
आणखी एक पायरी.
तीन चाळीस म्हणजे
रात्रभर जागली असणार.