दहा, पण कशाचे?

रात्री गल्ला मोजताना ते सापडलं.
दोन युरोंच्या चवडीवरून नख फिरवत होते,
एका जागी अडलं.
तोच आकार, तेच वजन,
बाहेर रुपेरी कडं, आत पिवळी टिकली.
पण युरोपचा नकाशा नाही.
त्याजागी पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेलं काहीतरी,
मक्याच्या कणसासारखं,
आणि कडेने अक्षरं,
कढईत सोडलेल्या पिठाची वेटोळी जशी.
आकडा असलाच तर झिजून गेलेला.
पलीकडे डावीकडे पाहणारा एक माणूस,
जो आमच्यापैकी कोणाचाच नव्हता.

बाहेर दुएरोवर धुकं.
जानेवारीत थामोरा शहर
संध्याकाळीच आतून कड्या लावून घेतं.
एर्मिनियाने नाणं काउंटरवर आपटून वाजवलं,
आवाजात काही खोट निघेना,
तरी माझ्या पगारातून दोन युरो कापले.
"डोळे कुठे होते?" म्हणाली.

मग ते चिकटपट्टीने गल्ल्याला लावलं,
आणि पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण पारखी झाला.
भूमितीचे निवृत्त मास्तर दोन बाल्तासार
भिंग घेऊन आले, तीनदा आले.
पहिल्यांदा म्हणाले तुर्की,
दुसऱ्यांदा म्हणाले मुळीच तुर्की नाही,
तिसऱ्यांदा फक्त पाव घेतला.
चर्चच्या घंटेवाल्याला ते यात्रेचं पदक वाटलं,
त्याने हळूच छातीवर क्रूस काढला.
एका बाईने विचारलं, विकणार का,
असल्या नाण्याचे म्हणे हजारो मिळतात.
त्या दिवशी एर्मिनिया माझ्याशी फार गोड बोलली.

शनिवारी एउतिक्यो आला,
गळ्यात लॉटरीच्या तिकिटांची माळ, काठी बगलेत.
तो जन्मापासून आंधळा.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं.
"ते जगप्रसिद्ध नाणं इकडे दे," म्हणाला.
अंगठा कडेने फिरला, वर येऊन थांबला.
"आ," म्हणाला. "मग होता.
आमच्या ठिपक्यांची दोन अक्षरं.
पुढे एक ओ असता तर आहो झालं असतं,
लसूण."
पावाच्या रांगेत सगळे हसले.
"पण लसणावर कोणी राजाचं डोकं छापत नाही.
आमच्यात तीच अक्षरं आकडेही होतात.
हे दहा आहे."

कशाचे दहा?
"ते ठिपक्यांत नाही," तो म्हणाला.

रांगेत मागे मासेवालीचा मुलगा होता, लेआंद्रो,
हनिमूनहून परतून महिना झालेला,
नाकाची सालं अजून निघत होती.
"द्या बघू. अरे, हे तर थायलंड!
नदीकाठचं देऊळ, आम्ही बोटीतून पाहिलं.
दहा बाट.
पंचवीस सेंट होतात, फार तर."
हजारवाली बाई तेवढ्यात पाव न घेताच गेली.

दुकान रिकामं झाल्यावरही एउतिक्यो उभा होता.
काठीचं टोक फरशीच्या फटीत घालत म्हणाला,
"तीन आठवड्यांपूर्वी ते मीच दिलं होतं तुला.
मला कोणीतरी खपवलं, मी लगेच ओळखलं.
म्हटलं बघू या,
डोळसांना किती दिवस लागतात."

मला राग यायला हवा होता.
आला पण, थोडा उशिरा,
तोवर त्याने काउंटरवर दोन युरो ठेवले होते,
खरे, नकाशाचे.
"पंचवीस सेंट परत कर," म्हणाला.
मी मोजून दिले. त्याने बोटाने तपासून घेतले.
"आणि नाणं?"
"ठेव. तुझ्या अंगठ्याला शिकव."

तेव्हापासून ते माझ्या एप्रनच्या खिशात आहे,
पिठाने पांढरं झालेलं.
भट्टी तापेपर्यंत मी ते चाचपत बसते.
पहिला ठिपका मला कळतो.
पुढचे तीन अजून
एकच वाटतात.