विझवल्याची नोंद

जुहूच्या हेलिबेसवर वजनकाट्यावर
आधी मी, मग माझी बॅग.
बॅगेत आईनं दिलेली जवळ्याची चटणी.
वास हेलिकॉप्टरभर.
आज सगळे नाक मुरडतील,
दहाव्या दिवशी विचारतील, उरली आहे का गं?

माझं काम चिखलाचं.
नापास झालात तर चिखल तुडवाल, म्हणायचे मास्तर.
मी पहिली आले,
आणि तोच करते.
विहिरीच्या तळाशी जातो, बिट थंड करतो,
दगडाचा चुरा कडेवर घेऊन वर येतो
आणि शेकरच्या जाळीवर आदळतो:
चिखल खाली, चुरा वर.
आई जवळा चाळते तसंच,
फक्त इथे कान जातात.

पूर्वी तेलानं माखलेला चुरा थेट समुद्रात.
“पाणी मोठं आहे,” म्हणायचे जुने टूलपुशर.
हे वाक्य बोलणाऱ्यानं
कधी स्वतःचं जाळं धुतलेलं नसतं.

आता ड्रायर फिरतो. तेल पिळून निघतं, पुन्हा चिखलात जातं.
कोरडा चुरा डब्यांत, डबे बोटीवर, बोट न्हाव्याला.
मी लिहिते : आज नऊ डबे.
काल अकरा होते.
एवढ्यावर मला झोप लागते.

आणि ती आग.
वेसाव्याचे लोक तिला थोरलीची चूल म्हणत.
बाबा ‘मोतीसागर’वर असताना
चूल पाठीवर घ्यायचा
आणि नाक घराकडे.
चाळीस वर्षं जळत होती, कुणाचाही भात न शिजवता.

कॉम्प्रेसर बसला. वायू नळातून उरणला निघाला.
मी वहीत लिहिलं :
२३.४०. ज्वाला पायलटवर. वारा वायव्य.
मान वर केली तर काळोख इतका जवळ
की रेलिंगला हात लावून बघितला.
खाली होड्यांचे दिवे इकडेतिकडे,
लाइट गेल्यावर चपला शोधणाऱ्या माणसांसारखे.

घरी आले तेव्हा बाबा वल्हाण बांधत होता.
“इझवलीस का गो चूल?”
म्हटलं, जीपीएस आहे ना तुझ्याकडे.
“हाय. पण त्याच्याकडं बघून कोण घरी आल्यासारखं वाटतं?”

मी सांगायला लागले : तो वायू आता फुकट जात नाही,
धूर नाही, काजळी नाही,
कुणाच्या तरी शेगडीत पोचतो.
आईनं सिलिंडर हलवून बघितला. संपत आलेला.
गल्लीत नळासाठी खणलेला चर
दिवाळीपासून तसाच आहे,
त्यात शेजारची मांजर व्यायली.

बाबानं विचारलं, रोज किती जळायचं?
मी आकडा सांगितला.
तो बोटांवर त्याचं डिझेल करायला लागला,
किती लिटर, किती फेऱ्या, किती हंगाम,
दुसऱ्या हातावर आला
आणि थांबला.

मग बराच वेळ
गाठच सोडवत बसला.